ठोकळ्यांची खरी गाडी: माप काढण्यापासून रुळावर चढवण्यापर्यंत

लेगोच्या ठोकळ्यांतून एखादी खरी मोटार किंवा खरे इंजिन उभे करायचे ठरवले की बहुतेकांचा हात आधी बॉनेटकडे किंवा इंजिनाच्या तोंडाकडे जातो, कारण ओळख पटते ती तिथेच. माझाही तसाच गेला. हिवाळी अधिवेशनाच्या दिवसांत नागपूरच्या सिव्हिल लाइन्समधून जाणाऱ्या पांढऱ्या अँबेसिडरच्या रांगा लहानपणापासून पाहिलेल्या असल्यामुळे पहिली गाडी अँबेसिडरच असणार, यात मला शंका नव्हती. तीन आठवडे खपून पुढचा भाग, टप आणि डिकी मनासारखी जमवली आणि शेवटी चाके लावायला घेतली, तेव्हा घरातल्या एकाही जोडीचा मेळ बसेना. एक जोडी इतकी लहान, की चारही चाके पंक्चर झाल्यासारखी गाडी खाली बसलेली दिसे. दुसरी इतकी मोठी, की मडगार्ड फोडल्याशिवाय ती आत शिरत नव्हती. गाडी पूर्ण मोडावी लागली.

त्या मोडतोडीतून हाती लागलेला नियम असा, की जो भाग आपल्याला कापता, तासता किंवा नव्याने बांधता येत नाही, त्यावरून प्रमाण ठरवायचे आणि बाकी सगळे त्याच्यामागून आणायचे. मोटारीत तो भाग म्हणजे टायर आणि रेल्वेत तो भाग म्हणजे रूळ. पुढचे सगळे विवेचन याच क्रमाने केले आहे. ज्यांना फक्त रेल्वे बांधायची आहे, त्यांनीही मोटारीचा भाग गाळू नये, कारण हिशोबाची पद्धत तिथेच उलगडली आहे.

ठोकळ्याचे गणित

ठोकळ्याच्या डोक्यावरच्या गोल उंचवट्याला स्टड म्हणतात. एका स्टडच्या मध्यापासून शेजारच्या स्टडच्या मध्यापर्यंतचे अंतर ८ मिमी असते. ठोकळ्याची उंची ९.६ मिमी आणि प्लेटची, म्हणजे पातळ ठोकळ्याची, उंची ३.२ मिमी, म्हणजे तीन प्लेटी एकावर एक ठेवल्या की एक ठोकळा होतो. डेन्मार्कमधल्या या कंपनीने आजच्या रचनेच्या ठोकळ्याचे पेटंट १९५८ मध्ये घेतले आणि तेव्हापासून हे माप बदललेले नाही. ठोकळा उभा आणि आडवा सारखा नसतो, ही नवख्याला अडचण वाटते. प्रत्यक्षात सगळी बारीक कारागिरी याच विषमतेतून निघते. पाच प्लेटींची उंची १६ मिमी होते आणि दोन स्टडची रुंदीही १६ मिमीच होते. त्याच हिशोबाने पाच ठोकळ्यांची उंची ४८ मिमी आणि सहा स्टडची रुंदीही ४८ मिमी. हे दोन आकडे पाठ असले, की ठोकळे आडवे वळवून, म्हणजे स्टड बाजूला तोंड करून बसवताना कुठे फट राहील आणि कुठे राहणार नाही, हे आधीच कळते. याशिवाय ब्रॅकेट नावाच्या काटकोनी तुकड्याची जाडी १.६ मिमी, म्हणजे अर्धी प्लेट असते आणि जंपर प्लेट वरचा भाग अर्ध्या स्टडने, म्हणजे ४ मिमीने सरकवते. एवढी शिदोरी पुरेशी आहे.

मोटार

अँबेसिडरची लांबी ४३२५ मिमी, रुंदी १६६२ मिमी, उंची १५९३ मिमी आणि पुढच्या-मागच्या आसांमधले अंतर २४६४ मिमी. १९५७ पासून २०१४ पर्यंत ही गाडी बनत राहिली आणि दिवे, जाळी, बंपर बदलत गेले तरी अंगलट फारशी बदलली नाही, त्यामुळे शिकण्यासाठी तिच्यासारखी दुसरी गाडी नाही. तिच्या टायरचा व्यास साधारण ६५ सेमी भरतो. लेगोत ३०.४ मिमी व्यासाचा टायर सहज मिळतो. ६५० ला ३०.४ ने भागले की २१.४ येतात, म्हणजे या टायरवर गाडी साधारण १:२१ प्रमाणात बांधावी लागेल. आता रुंदी पाहा: १६६२ ला २१.४ ने भागले की ७७.७ मिमी, म्हणजे दहा स्टडला थोडे कमी. अर्धवट स्टड बांधता येत नाही, म्हणून रुंदी सरळ दहा स्टड, म्हणजे ८० मिमी धरावी. मग प्रमाण १:२०.८ होते आणि टायर किंचित लहान पडतो, पण तेवढा फरक डोळ्याला दिसत नाही.

या प्रमाणाने लांबी २०८ मिमी, म्हणजे बरोबर २६ स्टड येते. उंची ७६.६ मिमी येते आणि २४ प्लेटी ७६.८ मिमी होतात, म्हणजे तिथेही गणित जुळले. आसांमधले अंतर ११८.५ मिमी, म्हणजे पंधरा स्टडला दीड मिलिमीटर कमी. असे सगळे आकडे एकदम जुळणे ही नशिबाची गोष्ट आहे. दुसऱ्या गाडीत ते जुळणार नाहीत, आणि तेव्हा कुठे सोडायचे हे ठरवावे लागते. माझे मत असे, की लांबीत एखादा स्टड इकडेतिकडे चालतो, पण आसांमधले अंतर आणि चाकाचा व्यास यांचा मेळ बिघडला तर गाडी कितीही मेहनत केली तरी खेळण्यासारखी दिसते. मारुती ८०० ची लांबी ३३३५ मिमी आणि रुंदी १४४० मिमी आहे. वाचकांनी सरावासाठी तिचा हिशोब स्वतः करून पाहावा.

मापे मिळाली तरी घडण कळण्यासाठी फोटो लागतात आणि इथे एक चूक सर्रास होते. गाडीच्या जवळ उभे राहून फोटो काढला की जवळचा भाग फुगतो आणि दूरचा आक्रसतो. त्यामुळे दहा-बारा पावले मागे जाऊन, मोबाइल दाराच्या कडीच्या उंचीवर धरून आणि झूम करून बरोबर काटकोनात फोटो घ्यावा. समोरून, मागून आणि दोन्ही बाजूंनी असे चार फोटो पुरतात. मग कागदावर ८ मिमीच्या उभ्या आणि ३.२ मिमीच्या आडव्या रेषांची जाळी आखून, बाजूचा फोटो २०८ मिमी लांबीचा छापून त्यावर ठेवावा. कोणत्या प्लेटवर बॉनेट संपते आणि कोणत्या स्टडवर काच सुरू होते, हे त्या जाळीतच दिसते. संगणकावर काम करणाऱ्यांसाठी ब्रिकलिंक या सुट्या भागांच्या संकेतस्थळाचे स्टुडिओ हे मोफत सॉफ्टवेअर उत्तम आहे, पण सुरुवात कागदावर केली तर गाडीचा आकार डोक्यात अधिक पक्का बसतो, असा माझा अनुभव आहे.

आता या गाडीचा एक दिवा जवळून पाहू, कारण अँबेसिडरचा चेहरा म्हणजे तिचे दोन गोल दिवे. खरा दिवा सात इंचांचा, म्हणजे १७८ मिमी असतो. आपल्या प्रमाणात तो साडेआठ मिमीचा होतो. म्हणजे एक बाय एक आकाराची, ८ मिमी व्यासाची गोल पारदर्शक प्लेट त्याला अगदी योग्य आहे. लेगोत हेडलाइट ब्रिक नावाचाच एक तुकडा आहे आणि नावावर भाळून नवखे लोक तोच वापरतात. त्यात बाजूचा स्टड अर्धी प्लेट आत बसवलेला असतो, त्यामुळे दिवा खोबणीत गेल्यासारखा दिसतो. आधुनिक मोटारींना ते शोभते, अँबेसिडरला नाही. तिचे दिवे मडगार्डातून डोळ्यांसारखे बाहेर आलेले असतात. त्यासाठी बाजूला साधा स्टड असलेला एक बाय एकचा ठोकळा घ्यावा, त्या स्टडवर आधी पांढरी गोल प्लेट आणि तिच्यावर पारदर्शक गोल प्लेट बसवावी. दिवा मडगार्डाच्या पुढे दोन प्लेटी, म्हणजे ६.४ मिमी येतो आणि वरच्या बाजूला एक लहान वळणदार स्लोप, म्हणजे उतरता तुकडा, ठेवला की भुवई तयार होते. हे दोन दिवे बसवून झाले आणि बाकी सगळी गाडी नुसता सांगाडाच असली, तरी घरात येणारा माणूस "अरे, अँबेसिडर!" असे म्हणतो. मी हे तीनदा अनुभवले आहे.

बॉनेटचा फुगवटा आणि मागच्या बाजूचा उतार यांसाठी वळणदार स्लोप लागतात. त्यांची लांबी ठरावीक असते, म्हणून आधी स्लोप जुळवून पाहावेत आणि मग त्यांच्याखाली येणारे थर ठरवावेत. तळासाठी प्लेटींचे दोन थर घालावेत, एक लांबीत आणि एक आडवा. गवंडी जसा वरच्या थरातली वीट खालच्या सांध्यावर ठेवतो, तसाच प्रत्येक सांधा वरच्या प्लेटखाली झाकला गेला पाहिजे. नाहीतर गाडी उचलताना मधोमध दुमडते.

रेल्वे: रुळावरून प्रमाण

लेगोच्या दोन रुळांमधले आतले अंतर ३७.५ मिमी आहे आणि ते आपल्याला बदलता येत नाही. परदेशातल्या बहुतेक मार्गांचे गेज, म्हणजे दोन रुळांमधले अंतर, १४३५ मिमी असल्यामुळे तिथले छंदी लोक नेहमी अडचणीत असतात: १४३५ ला ३७.५ ने भागले की प्रमाण १:३८ येते, त्या प्रमाणात गाडी फार मोठी आणि महाग होते, म्हणून ते लहान प्रमाणात बांधतात आणि रूळ गाडीच्या मानाने रुंद दिसतो हे निमूटपणे स्वीकारतात. आपले ब्रॉडगेज १६७६ मिमी आहे. त्याला ३७.५ ने भागले की १:४४.७ येते. या प्रमाणात पावणेसहा फुटांचा माणूस सुमारे ३९ मिमी उंच होतो आणि लेगोचा छोटा माणूस ४० मिमीचा असतो. तो बेढब रुंद आहे हे खरे, पण दार आणि पायऱ्या त्याच्या उंचीला बरोबर येतात. म्हणजे रूळ, डबा आणि प्रवासी एकाच प्रमाणात बसण्याचे भाग्य भारतीय गाडी बांधणाऱ्याला लाभते. परदेशी मार्गदर्शक पाहून आठ स्टड रुंदीची गाडी करण्याआधी हा हिशोब लक्षात घ्यावा.

अजनीला विद्युत इंजिनांची मोठी शेड असल्यामुळे नागपूरकराने डब्ल्यूएपी-७ हे प्रवासी गाड्यांचे विद्युत इंजिन करून पाहणे ओघानेच आले. या इंजिनाची लांबी २०,५६२ मिमी आणि रुंदी ३१५२ मिमी आहे. ४४.७ ने भागले की लांबी ४६० मिमी, म्हणजे साडेसत्तावन्न स्टड आणि रुंदी ७०.५ मिमी, म्हणजे आठ स्टडपेक्षा जास्त आणि नवापेक्षा कमी. बरेच जण इथे नऊ स्टड धरतात. पण रूळ आणि बोगी (इथे बोगी म्हणजे डबा नव्हे, तर इंजिनाखालची किंवा डब्याखालची चाकांची फिरती चौकट) यांचा मध्य सम आकड्यावर असतो, म्हणून नऊ स्टडचे विषम अंग त्यावर बसवताना जागोजागी जंपर प्लेटी घालाव्या लागतात आणि इंजिन खिळखिळे होते.

यावर उपाय आडव्या टाइलींचा, म्हणजे वर स्टड नसलेल्या गुळगुळीत प्लेटींचा आहे आणि तो मला फार आवडतो, म्हणून सविस्तर सांगतो. इंजिनाचा गाभा आठ स्टडचा, म्हणजे ६४ मिमीचा ठेवायचा. दोन्ही बाजूंना टाइली आडव्या वळवून कातडीसारख्या चढवायच्या. टाइलची जाडी ३.२ मिमी, दोन्ही बाजूंची मिळून ६.४ मिमी, आणि एकूण रुंदी ७०.४ मिमी. खऱ्या मापापासून फरक एक दशांश मिलिमीटर. यासाठी पाच प्लेट उंचीचा, एका बाजूला चार स्टड असलेला ठोकळा वापरावा. तो १६ मिमी उंच असल्यामुळे त्याच्यावरचे स्टड बरोबर ८ मिमीच्या जाळीत येतात. असे तीन एकावर एक ठेवले की ४८ मिमी उंची होते आणि तिच्यावर टाइलींच्या सहा ओळी फटीशिवाय बसतात. साध्या, बाजूला स्टड असलेल्या ठोकळ्यांवर हाच प्रयत्न केला तर त्यांचे स्टड ९.६ मिमीच्या अंतराने येतात आणि प्रत्येक दोन ओळींमध्ये काळी फट दिसते. पांढऱ्या अंगावरचा लाल पट्टा आता रंगवावा लागत नाही. सहापैकी एक ओळ लाल टाइलींची घेतली की पट्टा तयार. बाजूच्या जाळ्यांसाठी एक बाय दोनची जाळीदार टाइल आहे, तीही याच ओळीत बसते.

बोगीत मात्र गणिताने दगा देण्याची शक्यता असते. या इंजिनाच्या प्रत्येक बोगीला तीन आस असतात आणि आपल्या प्रमाणात पहिल्या-शेवटच्या आसांमधले अंतर दहा स्टडपेक्षा थोडे अधिक येते. लेगोच्या नेहमीच्या वळणाची त्रिज्या ४० स्टड, म्हणजे ३२ सेमी असते. एवढ्या तीव्र वळणावर मधले चाक रुळाच्या रेषेपासून सुमारे अडीच मिमी बाहेर ढकलले जाते आणि चाकाच्या कडेला तेवढी मोकळीक नसते; परिणामी बोगी अडकते किंवा घसरते. म्हणून मधला आस डावी-उजवीकडे सरकेल असा मोकळा ठेवावा. सरकता आस जमत नसेल, तर मधल्या जागी कडा नसलेले चाक लावावे. बोगीच्या चौकटीआड ते सहसा दिसतही नाही.

डबा आणि वळण

एलएचबी, म्हणजे मूळ जर्मन रचनेच्या प्रवासी डब्याची लांबी २३.५४ मीटर आणि रुंदी ३.२४ मीटर. आपल्या प्रमाणात तो ५२७ मिमी, म्हणजे ६६ स्टड लांब होतो. दोन बोगींच्या मध्यांमधले खरे अंतर १४.९ मीटर, म्हणजे जवळजवळ ४२ स्टड. मी पहिला डबा अगदी मापात केला आणि जमिनीवर ठेवून कौतुकाने पाहत बसलो. नंतर तो वळणावर गेला, तेव्हा त्याचा मधला भाग आतल्या बाजूला सहा स्टड सरकला, टोक बाहेरच्या बाजूला सात स्टडहून अधिक बाहेर आले आणि वाटेत ठेवलेला फलाट, सिग्नल आणि चहाची टपरी यांना घेऊन गाडी पुढे गेली.

इथे तीनच मार्ग आहेत. पहिला मार्ग डबा आखूड करण्याचा आहे. खिडक्यांचा आकार आणि त्यांच्यामधली जागा तशीच ठेवून फक्त संख्या कमी करायची. डबा ४८ स्टडचा आणि बोगींमधले अंतर ३० स्टडचे केले, तर मधला भाग तीन स्टडपेक्षा कमी आणि टोक चार स्टडच्या आसपास सरकते. खिडक्या बारीक करून सगळ्या बसवण्याचा मोह टाळावा, कारण डोळा संख्या मोजत नाही, आकार ओळखतो. दुसरा मार्ग मोठ्या त्रिज्येच्या वळणांचा आहे. १०४ स्टड त्रिज्येची वळणे इतर उत्पादक बनवतात. त्यांवर पूर्ण लांबीच्या डब्याचा मध्य जेमतेम दोन स्टड आणि टोक तीन स्टड सरकते. पण अशा पूर्ण वर्तुळाला मधल्या मापानेच १६६ सेमी जागा लागते, म्हणजे दिवाणखान्यातले सामान हलवावे लागते आणि घरच्यांची परवानगी लागते. तिसरा मार्ग गाडी फक्त सरळ रुळावर, काचेच्या कपाटात ठेवण्याचा. हा मार्ग कमीपणाचा आहे असे मी मानत नाही.

लांब डब्याला मधोमध झोल येतो. त्यासाठी तळात लेगोच्या टेक्निक प्रकारातले छिद्रांचे ठोकळे लांबीच्या दिशेने घालावेत आणि त्यांचे सांधे एकाच ठिकाणी येऊ देऊ नयेत. छप्पर सुटे निघेल असे ठेवावे. आतली बाके पाहुण्यांना दाखवताना आणि धूळ काढताना ते सोयीचे पडते.

छोटी लाईन

नागपूरच्या माणसाला आणखी एक वाट मोकळी आहे. कामठी रोडवर मोतीबागेत नॅरोगेजचे रेल्वे संग्रहालय आहे. ते २००२ च्या डिसेंबरात सुरू झाले आणि तिथे छोट्या लाईनची वाफेची इंजिने हाताच्या अंतरावर उभी आहेत. नागपूर-छिंदवाडा ही छोटी लाईन २०१५ मध्ये ब्रॉडगेज करण्यासाठी बंद झाली. तिचे गेज ७६२ मिमी होते. ७६२ ला ३७.५ ने भागले की १:२०.३ येते. वर अँबेसिडरचे प्रमाण १:२०.८ आले होते, हे वाचकांच्या लक्षात आले असेलच. म्हणजे त्याच रुळावर छोट्या लाईनचे इंजिन बांधले, तर ते लेव्हल क्रॉसिंगला थांबलेल्या अँबेसिडरशेजारी प्रमाणात शोभून दिसते. मात्र या मोठ्या प्रमाणात लेगोचा छोटा माणूस जेमतेम दीड वर्षाच्या मुलाएवढा होतो. चालक हवा असेल तर तो ठोकळ्यांतूनच घडवावा लागतो.

वाफेच्या इंजिनाचा फायदा असा, की त्याचे सगळे अवयव उघडे असतात आणि संग्रहालयात फिरून टेपने मोजता येतात. चाकांचे व्यास, बॉयलरची उंची, केबिनची रुंदी आणि दोन चाकांमधली जागा एवढी मापे घेतली की काम भागते. चालू स्थानकावर मात्र फोटो फलाटावरूनच घ्यावेत. समोरच्या फलाटावरून डबा पूर्ण बाजूने दिसतो, त्यामुळे रुळांत उतरण्याचे काहीच कारण नाही.

नागपूरची मेट्रो करायची असेल तर तिचे गेज १४३५ मिमी आहे हे विसरू नये. रुळाच्या हिशोबाने ती १:३८ प्रमाणात येईल आणि ब्रॉडगेजच्या गाडीशेजारी राक्षसासारखी दिसेल. दोन्ही गाड्या एकाच मांडणीत हव्या असतील, तर मेट्रोही १:४५ च्या आसपासच बांधावी. रूळ तिला पाच मिमी रुंद पडतो, पण बाजूच्या पट्ट्यांनी चाके झाकली की ते कळत नाही.

सुटे भाग, रंग आणि खर्च

दुकानातल्या डब्यांतून हवे ते भाग मिळत नाहीत. आराखडा पूर्ण करून भागांची यादी काढावी आणि मगच सुटे भाग मागवावेत. एखादा भाग एखाद्या रंगात कधी निघालाच नसेल, तर स्टुडिओ तसे दाखवते. ते न पाहता आराखडा केला तर शेवटी इंजिनाचे नाक वेगळ्याच रंगाचे करावे लागते. बाहेरदेशातून मागवताना टपालखर्च आणि सीमाशुल्क यांचा विचार आधी करावा. खेळण्यांवरचे आयातशुल्क २०२३ च्या अर्थसंकल्पात ७० टक्क्यांपर्यंत गेले. म्हणून चार वेळा थोडे थोडे मागवण्यापेक्षा एकदाच मागवावे आणि लहान टाइली व गोल प्लेटी दहा-पंधरा जास्तच घ्याव्यात, कारण फरशीवर पडलेली एक बाय एकची टाइल केरसुणीलाच सापडते.

जुने आणि नवे भाग मिसळताना करड्या रंगाकडे लक्ष द्यावे. २००४ च्या सुमारास कंपनीने करडा रंग बदलून तो निळसर केला. कपाटातल्या जुन्या डब्यातले करडे ठोकळे नव्यांबरोबर इंजिनाच्या तळाला लावले, तर ठिगळे लावल्यासारखे दिसते.

"मध्य रेल्वे", शेडचे नाव, इंजिनाचा क्रमांक ही अक्षरे पारदर्शक स्टिकरवर छापून घेता येतात. स्टिकर दोन टाइलींच्या सांध्यावर कधीही चिकटवू नये. प्रत्येक टाइलपुरता वेगळा कापावा, नाहीतर पुढे दुरुस्तीसाठी भाग काढताना अक्षर फाटते. नागपूरच्या उन्हाळ्यात स्टिकरच्या कडा सुटतात, म्हणून चिकटवण्याआधी टाइल स्वच्छ पुसून कोरडी करावी आणि स्टिकर मधून कडेकडे दाबत न्यावा.

गाडी चालवणे

बॅटरीच्या डब्यात एएए आकाराचे सहा सेल लागतात आणि मोबाइलवरून ब्लूटूथने गाडी चालवता येते. रेल्वेच्या इंजिनात बसवायच्या विजेच्या मोटारीच्या चाकांवर रबरी कडी असतात, पण वजन हलके असेल तर ती जागेवरच फिरतात. म्हणून बॅटरीचा डबा शक्यतो मोटारीच्या बरोबर वर आणि जितका खाली जाईल तितका खाली बसवावा. डबे जोडण्याआधी एकटे इंजिन दोन्ही दिशांनी वळणावर फिरवून पाहावे, मग एकेक डबा वाढवावा. गाडी घसरली तर दोष शोधण्याचा क्रम ठरलेला असावा: आधी रुळाचा सांधा, मग बोगी मोकळी फिरते की नाही, मग डब्याचा एखादा भाग बोगीला घासतो का, आणि शेवटी कपलिंग. दहापैकी आठ वेळा दोष तिसऱ्या ठिकाणी सापडतो.

नागपूरच्या स्थानकाजवळच्या डायमंड क्रॉसिंगचा मोह इथल्या प्रत्येकाला होतो. दोन रूळ काटकोनात छेदणारा तयार तुकडा लेगोत निघालेला आहे, त्यामुळे मांडणी सोपी आहे. पण तिथे सिग्नल नाही. दिवाळीच्या सुटीत भाचा आणि भाची यांच्या हाती एकेक मोबाइल दिला आणि मी चहा घ्यायला आत गेलो. परत आलो तेव्हा राजधानी आणि मालगाडी यांचे तुकडे दिवाणाखाली एकत्र पडले होते. तेव्हापासून दोन्ही गाड्यांचा ताबा एकाच माणसाकडे असतो.

उन्हाळा आणि धूळ

या छंदाची परदेशी पुस्तके नागपूरच्या मे महिन्यासाठी लिहिलेली नाहीत. पांढरे ठोकळे उन्हात ठेवले की पिवळे पडतात. अँबेसिडर खिडकीत ठेवू नये, हे मी पिवळ्या टपाकडे पाहत लिहीत आहे. गाडी कूलरच्या झोतासमोरही ठेवू नये, कारण वाऱ्यासोबत येणारे पाण्याचे बारीक तुषार वाळले की काळ्या भागांवर क्षाराचे पांढरे ठिपके राहतात आणि ते कोरड्या कापडाने निघत नाहीत. रोजच्या धुळीला रंगकामाचा मऊ ब्रश पुरतो.

वर्षातून एकदा गाडी मोडून धुवावी. मोटार, बॅटरीचा डबा आणि स्टिकर लावलेल्या टाइली बाजूला काढाव्यात, टायर वेगळे धुवावेत आणि बाकीचे भाग सौम्य साबणाच्या पाण्यात हाताने चोळावेत. पाणी ४० अंशांपेक्षा गरम नसावे, असे कंपनी सांगते. मे महिन्यात दुपारी गच्चीवरच्या टाकीचे पाणी नळातून येते तेच त्याहून गरम असते, तेव्हा हे काम सकाळी सहाच्या आत उरकावे आणि भाग सुती चादरीवर पसरून गॅलरीच्या सावलीत वाळवावेत, उन्हात नव्हे.